पोटरीतल्या हाडाचा जबडा

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग रुग्णालयात १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात डेव्हिड हिडाल्गो जबड्याच्या शस्त्रक्रियेआधी साचे कापून ठेवत. रुग्णाच्या जबड्याच्या क्ष-किरण चित्रावरून आकृती गिरवायची आणि खऱ्या मापाचा एक सपाट तुकडा तयार करायचा. शस्त्रक्रियेच्या दिवशी तो साचा निर्जंतुक करून टेबलावर येई. एक पथक रुग्णाच्या तोंडातला कर्करोग खालच्या जबड्यासकट काढत असे. त्याच वेळी दुसरे पथक पायाची पोटरी उघडून तिच्यातले फिब्युला हे बारीक, लांब, सरळ हाड मोकळे करत असे. मग हिडाल्गो साचा त्या हाडाशी धरत आणि करवतीने त्यातून पाचरी काढून हाड वळवत. सरळ काठीचा कमानदार जबडा होईपर्यंत हे काम चाले. अशा १२ रुग्णांचा अनुभव त्यांनी १९८९ साली प्रसिद्ध केला आणि जबडा पुन्हा घडवण्याच्या शास्त्राची दिशाच बदलली.

आज हा साचा संगणकात तयार होतो. करवत कुठे चालवायची, किती अंशांनी तिरपी धरायची, कोणता स्क्रू कुठे बसवायचा हे सगळे रुग्ण टेबलावर येण्याच्या काही दिवस आधी ठरलेले असते. या बदलाचे वर्णन ‘यंत्राने अचूकता आणली’ अशा एका वाक्यात केले जाते. ते खोटे नाही, पण त्यात मुख्य गोष्ट निसटते. संगणकाने सर्जनचा हात सुधारला असे मला वाटत नाही. त्याने निर्णयाची वेळ बदलली. उघड्या जखमेसमोर, घड्याळाकडे बघत घ्यावे लागणारे निर्णय आठवडाभर आधी, शांतपणे, चुकण्याची आणि पुसण्याची मुभा असताना घेता येऊ लागले. हे किती मोठे आहे ते समजण्यासाठी जबड्याचा इतिहास थोडा मागून वाचावा लागतो.

खालचा जबडा हे शरीरातले विलक्षण हाड आहे. घोड्याच्या नालाच्या आकाराचे हे हाड कानांपुढच्या दोन सांध्यांवर कवटीला टांगलेले असते आणि एकीकडचा सांधा हलला की दुसरीकडचा हलतोच. वरचे आणि खालचे दात एकमेकांवर बसण्यात केसाएवढा फरक पडला तरी तो माणसाला जाणवतो. हनुवटीचा भाग गेला तर जिभेचा पुढचा आधारच जातो. मग लाळ गळते, गिळता येत नाही, बोलणे कळत नाही. पडून राहिल्यावर जीभ मागे पडून श्वास अडण्याची भीती असते. अमेरिकी डॉक्टरांनी या अवस्थेला वर्तमानपत्रातल्या अँडी गंप या हनुवटी नसलेल्या व्यंगचित्र पात्राचे नाव दिले. ज्यांच्यावर ती वेळ आली त्यांच्या दृष्टीने हे नाव क्रूर आहे, पण वैद्यकाच्या पुस्तकांत ते अजून टिकून आहे.

पहिल्या महायुद्धाने असे चेहरे हजारोंनी निर्माण केले. खंदकातल्या सैनिकाचे धड मातीआड असे, डोके वर येई आणि तोफगोळ्याचा तुकडा नेमका जबड्यावर बसे. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले हॅरोल्ड गिलीज हे कान-नाक-घशाचे डॉक्टर फ्रान्समध्ये या जखमा पाहून परतले आणि १९१६ मध्ये ऑल्डरशॉटच्या लष्करी रुग्णालयात त्यांनी चेहऱ्याच्या जखमांसाठी वेगळा विभाग मिळवला. त्या जुलैत सोमची लढाई सुरू झाली. सुमारे २०० जखमींची तयारी होती, आले जवळपास २,०००. पुढच्या वर्षी लंडनजवळ सिडकप इथे या कामासाठी वेगळे रुग्णालयच उघडावे लागले. तिथे गिलीज त्वचा आणि मांस सांभाळत, विल्यम केल्सी फ्राय हे दंतवैद्य हाड आणि दात सांभाळत आणि हेन्री टॉन्क्स हे चित्रकार रुग्णांचे चेहरे रंगीत खडूंनी रेखाटत. एका चेहऱ्यासाठी सर्जन, दंतवैद्य आणि चित्रकार एकत्र बसण्याची ती पद्धत पुढे फार कामाला आली. आज संगणकासमोर बसणाऱ्या मंडळींची पूर्वपीठिका मला तिथे दिसते.

आघाडीच्या पलीकडच्या बाजूलाही तेच चालले होते. ड्यूसेलडॉर्फमध्ये ख्रिस्तियान ब्रून यांच्या जबडा-रुग्णालयात ऑगस्ट लिंडेमान सैनिकांच्या नडगीतून किंवा कमरेच्या हाडातून तुकडे घेऊन जबड्याच्या भगदाडात बसवत होते. हाड कापण्यासाठी त्यांनी केलेले फिरते पाते आजही त्यांच्याच नावाने विकले जाते. पण ही कलमे लावायला महिनोन् महिने थांबावे लागे. तोंड हे जंतूंचे घर, प्रतिजैविके अजून यायची होती आणि पू असलेल्या जखमेत हाड बसवले की ते सडून बाहेर पडे. म्हणून आधी जखम पूर्ण भरू द्यायची, तोवर उरलेले तुकडे दंतवैद्याने तारांनी आणि पट्ट्यांनी जागेवर धरायचे आणि मगच हाड लावायचे.

वरच्या जबड्याची स्थिती आणखी बिकट होती. व्हिएन्नामध्ये हान्स पिश्लर हे या क्षेत्रातले अग्रणी शल्यविशारद होते आणि त्यांचा सर्वांत प्रसिद्ध रुग्ण सिग्मंड फ्रॉइड. ऑक्टोबर १९२३ मध्ये पिश्लर यांनी कर्करोगासाठी फ्रॉइडच्या वरच्या जबड्याचा आणि टाळूचा भाग काढला. त्या जागी हाड बसवण्याचा प्रश्नच नव्हता. तोंड आणि नाक यांच्यामधले छिद्र बुजवणारी एक मोठी कवळी करून दिली गेली. ती घालणे आणि काढणे हे दोन्ही यातनामय होते, घरात तिला राक्षस म्हणत. १९३९ मध्ये लंडनला मृत्यू येईपर्यंत फ्रॉइड यांच्यावर तिसाहून अधिक लहानमोठ्या शस्त्रक्रिया झाल्या. आयुष्यभर माणसांना बोलते करणाऱ्याला स्वतः बोलण्यासाठी सोळा वर्षे त्या कवळीशी झुंजावे लागले.

हाडाचे कलम का मरते, या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात आहे: रक्त. शरीरापासून तोडलेला हाडाचा तुकडा नव्या जागी ठेवला की त्यातल्या बहुतेक पेशी मरतात. भोवतालच्या ऊतीतून हळूहळू नव्या रक्तवाहिन्या आत शिरतात आणि जुन्या हाडाच्या जागी नवे हाड घालतात. तुकडा लहान असेल, भोवतालची जागा निरोगी असेल तर हे जमते. दुसऱ्या महायुद्धात रेन्सफर्ड मोलेम यांनी कमरेच्या हाडाच्या आतला मऊ, जाळीदार भाग किसासारखा वापरून चांगले निकाल मिळवले, कारण त्या बारीक तुकड्यांत रक्त लवकर पोचते. तोवर पेनिसिलीनही हाताशी आले होते. पण कर्करोगाचा रुग्ण वेगळा असतो. त्याचे हाड बोटभर नाही, वीतभर जाते. शिवाय त्याला किरणोपचार मिळालेले असतात किंवा मिळायचे असतात. किरणांनी भाजलेल्या जागेत उसन्या हाडाला रक्त पुरवण्याची ताकद नसते. म्हणजे हाडाने स्वतःचे रक्त सोबत घेऊनच यायला हवे.

रक्तवाहिन्या जोडण्याच्या या विद्येचे मूळ एका खुनात आहे. १८९४ मध्ये लियॉंमध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांना भोसकण्यात आले. तुटलेली मोठी शीर कोणाला शिवता येईना, म्हणून ते वाचले नाहीत. त्याच शहरात अलेक्सी कारेल हा तरुण डॉक्टर होता. भरतकाम करणाऱ्या बाईंकडून बारीक सुईचे टाके शिकून त्याने रक्तवाहिन्या जोडण्याची पद्धत बसवली आणि १९१२ चे नोबेल मिळवले. पण त्याच्या वाहिन्या मोठ्या होत्या. दीड-दोन मिलिमीटरची वाहिनी जोडायला डोळाच पुरत नाही. १९६० मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात ज्युलियस जेकबसन यांनी कानाच्या शस्त्रक्रियेचे सूक्ष्मदर्शक यंत्र या कामाला आणले आणि अशा बारीक वाहिन्याही जोडता येतात हे दाखवले.

पुढची काही वर्षे फार झपाट्याने गेली. १९७४ मध्ये मेलबर्नला इयन टेलर यांनी एका रुग्णाच्या चांगल्या पायातले फिब्युला हाड त्याच्या रक्तवाहिन्यांसह काढून मोडलेल्या पायात बसवले. चीन आणि तैवानमधल्या सर्जनांनी त्या हाडासोबत वरची त्वचाही रक्तासकट आणता येते हे सिद्ध केले. त्यात तैवानच्या चांग गुंग रुग्णालयातले फू-चान वेई यांचा १९८६ चा अभ्यास महत्त्वाचा. म्हणजे तोंडातली गेलेली कातडी आणि गेलेले हाड एकाच ठिकाणाहून भरून निघू लागले. हिडाल्गो यांनी यातून पुढचा धागा उचलला.

फिब्युलाच का? शरीराचा बहुतेक भार नडगी पेलते, त्यामुळे फिब्युलाचा मधला भाग गेला तरी माणूस चालतो. घोट्याजवळचा आणि गुडघ्याजवळचा सहा-आठ सेंटिमीटर भाग मात्र सोडावा लागतो, खाली सांध्याच्या स्थैर्यासाठी आणि वर मज्जातंतू जपण्यासाठी. तरीही सुमारे २५ सेंटिमीटर हाड हाती येते, जवळजवळ अख्ख्या जबड्याइतके. हाडाच्या कडेने एक धमनी त्याला ठिकठिकाणी रक्त पुरवत जाते, त्यामुळे त्याचे तीन-चार तुकडे केले तरी प्रत्येक जिवंत राहतो. आणि पाय डोक्यापासून लांब असल्याने दोन पथकांना एकमेकांच्या आड न येता काम करता येते.

मग अडचण कुठे होती? आकारात. सुताराला चौकटीचा कोपरा साधायचा तर दोन पट्ट्या पंचेचाळीस अंशांत कापल्या की झाले. इथे कोपरे तीन दिशांना वळतात आणि प्रत्येक कापात करवतीच्या पात्याची जाडी हरवते. एक पाचर दोन अंशांनी चुकली की दुसऱ्या टोकाचा सांधा कित्येक मिलिमीटर सरकतो आणि दात जुळत नाहीत. पाचर मोठी कापली गेली तर हाड परत आणता येत नाही. कर्करोग जबड्याची बाहेरची भिंत फोडून वाढलेला असेल तर हाडाचे तुकडे धरून ठेवणारी धातूची प्लेट मूळ आकारावर वाकवून घेण्याचीही सोय राहत नाही. आणि हे सगळे चालू असताना हाडाला जपून हाताळायचे, कारण त्याच्या अंगाला चिकटलेली ती बारीक धमनी दुखावली की सारे संपले. पायापासून वाहिनी तोडली आणि मानेत जोडली, या मधल्या काळात हाड रक्तावाचून असते. तो वेळ जितका कमी तितके बरे. उत्तम सर्जन हे साधत असत. पण ते वर्षानुवर्षांच्या हातावर आणि नजरेवर साधत असत, आणि ती नजर दुसऱ्याला देता येत नव्हती.

दरम्यान, जबड्याशी काहीही संबंध नसलेल्या तीन ठिकाणी तीन गोष्टी घडत होत्या. पहिली लंडनमध्ये. ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या ईएमआय कंपनीतले अभियंते गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १ ऑक्टोबर १९७१ रोजी अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात एका स्त्रीच्या मेंदूचे पहिले सीटी स्कॅन घेतले. चित्र अवघे ८० बाय ८० चौकोनांचे होते. पण प्रत्येक चौकोनाला घनतेचा एक आकडा होता, आणि हाड हे आकड्यांत लिहिता येते ही त्यातली क्रांतिकारक बाब होती. १९७९ चे नोबेल त्यांना अ‍ॅलन कॉर्मॅक यांच्यासह मिळाले.

दुसरी सेंट लुइसमध्ये. तिथे जन्मतः कवटी आणि चेहरा वाकडा असलेल्या मुलांवर जेफ्री मार्श शस्त्रक्रिया करत. मायकेल व्हॅनिअर हे रेडिओलॉजिस्ट होते. त्याच शहरात मॅकडॉनेल कंपनी विमाने बनवत होती आणि तिथले अभियंते विमानाचे वक्र पृष्ठभाग संगणकावर घडवत. त्यांच्यापैकी जेम्स वॉरेन यांच्यासोबत या डॉक्टरांनी १९८३ मध्ये सीटीच्या सपाट कापांवरून कवटीची त्रिमितीय प्रतिमा उभी करून शस्त्रक्रियेच्या नियोजनासाठी वापरली. विमानाच्या पत्र्यासाठी घडलेले तंत्र मुलाच्या कपाळापर्यंत पोचले.

तिसरी कॅलिफोर्नियात. चक हल यांनी अतिनील प्रकाशाने घट्ट होणाऱ्या द्रवाचे पापुद्रे एकावर एक चढवून वस्तू तयार केली आणि १९८६ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. पडद्यावरचे हाड हातात येण्याचा मार्ग यामुळे खुला झाला. १९९० मध्ये बेल्जियममध्ये विल्फ्रीड व्हॅनक्रेन यांनी स्थापन केलेल्या मटेरिअलाइज कंपनीने हे तंत्र वैद्यकाकडे नेण्यात मोठा वाटा उचलला. १९९०च्या दशकात अनेक ठिकाणी रुग्णाच्या कवटीची प्लास्टिक प्रतिकृती छापून तिच्यावर आधीच प्लेट वाकवून ठेवली जाऊ लागली. निर्णय शस्त्रक्रियागृहाबाहेर पडण्याची ती पहिली पायरी.

पुढची पायरी म्हणजे खुद्द कापच संगणकात करणे. २००५ मध्ये जर्मनीतील हॅनोव्हरचे आंद्रे एकार्ट आणि त्यांचे सहकारी ग्वेन स्वेनन यांनी फिब्युलाच्या जबड्याचे आभासी नियोजन मांडले. २००९ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातले डेव्हिड हर्श, जेमी लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी कोलोरॅडोमधल्या एका मॉडेल बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांसोबत केलेले काम प्रसिद्ध झाले आणि ही पद्धत वेगाने पसरली.

ती चालते अशी. जबड्याचे आणि दोन्ही पायांचे बारीक कापांचे सीटी स्कॅन होते. पायाच्या रक्तवाहिन्या आधी तपासतात, कारण काही माणसांच्या पावलाचे रक्त मुख्यतः फिब्युलाच्याच धमनीवर चालते आणि ती काढली तर पाऊलच धोक्यात येईल. मग सर्जन आणि अभियंता, अनेकदा दोन वेगळ्या खंडांत बसून, एकच पडदा बघतात. गाठीपासून किती अंतर सोडून जबडा कापायचा हे सर्जन सांगतो. निरोगी बाजू आरशासारखी उलटवून रोगट बाजूचा मूळ आकार मिळवता येतो. त्यावर फिब्युला ठेवतात, दोन तुकड्यांनी वळण साधते का तीन लागतात हे पाहतात, तुकडा फार लहान झाला तर रक्त पुरणार नाही म्हणून कोन बदलतात. नाही जमले तर पुसून पुन्हा करतात. शेवटी दोन मार्गदर्शक साचे छापले जातात, एक जबड्यावर स्क्रूने बसणारा, एक फिब्युलावर. त्यांत करवत शिरण्यापुरत्या फटी असतात. फटीत पाते घालायचे की कोन आपोआप साधतो. रुग्णाच्या मापाची टायटेनियमची प्लेटही तयार असते, आणि स्क्रूची भोके साच्यातूनच पाडलेली असल्याने हाड तिच्यावर ठरल्या जागी बसते. मुख्य म्हणजे, हे कापणे पायात, वाहिनी न तोडता उरकता येते. हाड रक्तावाचून राहण्याचा वेळ घटतो, हे अनेक रुग्णालयांच्या अनुभवातून दिसले आहे.

या प्रवासातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा टप्पा दातांचा आहे. जुना क्रम हाडापासून दाताकडे जाई. आधी हाड जगू दे, जुळू दे, दातांचे नंतर बघू. ते ‘नंतर’ बहुतेकांच्या वाट्याला कधी येतच नसे. हाड हनुवटीच्या कडेशी जुळवलेले असे, चेहरा बरा दिसे, पण वरच्या दातांच्या रेषेत ते नसल्याने दंतवैद्य हात टेकत. स्वित्झर्लंडमध्ये डेनिस रोहनर आणि सहकाऱ्यांनी क्रम उलटवला. आधी दात कुठे हवेत ते ठरवायचे, त्यावरून मुळांच्या जागी बसणाऱ्या टायटेनियम खुंट्या कुठे हव्यात ते, आणि त्यावरून हाड कुठे हवे ते. खुंट्या पायातच फिब्युलात बसवून, काही आठवडे थांबून मग ते हाड वर आणायचे. अशा २४ रुग्णांचा अनुभव त्यांनी २००३ मध्ये मांडला. दहा वर्षांनी न्यूयॉर्कच्या लेव्हिन यांच्या गटाने ‘एका दिवसात जबडा’ या नावाने पुढचे पाऊल टाकले: गाठ काढणे, फिब्युला बसवणे, खुंट्या आणि वर दात, सगळे एकाच शस्त्रक्रियेत. सुरुवातीचे हे रुग्ण कर्करोगाचे नव्हते, साध्या गाठींचे होते, आणि ते योग्यच होते. दात बसवलेला जबडा घेऊन माणूस शुद्धीवर येतो, ही गिलीज आणि लिंडेमान यांना स्वप्नातही न दिसलेली गोष्ट होती.

मध्ये एक वेगळी वाटही चाचपली गेली. २००४ मध्ये जर्मनीतल्या कील इथे पॅट्रिक वॉर्न्के यांनी एका रुग्णाच्या जबड्याच्या मापाची टायटेनियम जाळी संगणकावर आखून, तिच्यात हाडाचा खनिज भाग, रुग्णाची अस्थिमज्जा आणि वाढीचे प्रथिन भरून ती त्याच्याच पाठीच्या स्नायूत ठेवली. सात आठवड्यांनी आत हाड तयार झालेले ते बांधकाम त्यांनी रक्तवाहिन्यांसह जबड्यात बसवले. त्यानंतर त्या माणसाने नऊ वर्षांत पहिल्यांदाच घन अन्न खाल्ले. कल्पना भव्य होती, पण ती रोजच्या वापराची झाली नाही. पोटरीतले तयार हाड अजून तिच्यापेक्षा भरवशाचे आहे.

संगणकातल्या आराखड्याच्या मर्यादाही सांगायलाच हव्यात. अमेरिकी चित्रपट समीक्षक रॉजर ईबर्ट यांच्या जबड्याचा भाग २००६ मध्ये कर्करोगामुळे काढला. किरणोपचारांनी जीर्ण झालेली मानेतली मोठी धमनी काही दिवसांनी फुटली. ते वाचले, पण चेहरा पुन्हा घडवण्याचे पुढचे प्रयत्न एकामागून एक फसले. खाणे, पिणे, बोलणे कायमचे गेले, तरी २०१३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते लिहीत राहिले. तिथे आकाराचा प्रश्न नव्हता, रक्ताचा होता, आणि रक्त अजूनही सूक्ष्मदर्शकाखाली हातानेच जोडावे लागते. शिवाय संगणकाला हाड दिसते तितकी जीभ, गाल आणि गळा दिसत नाही. स्कॅन आणि शस्त्रक्रिया यांच्यामध्ये आठवडे गेले तर गाठ थांबून राहत नाही. ती आखलेल्या रेषेपलीकडे गेली असेल तर तयार साचे बाजूला ठेवावे लागतात आणि सर्जनला पुन्हा हिडाल्गो यांच्यासारखे हातानेच कापावे लागते. म्हणून जुने कौशल्य विसरून चालत नाही. नव्या पिढीतला सर्जन ते शिकलाच नाही तर काय, ही काळजी मला खरी वाटते.

भारतात हा विषय दूरचा नाही. तोंडाच्या कर्करोगाचे सव्वा लाखाहून अधिक नवे रुग्ण इथे दरवर्षी सापडतात. आपल्याकडे तंबाखू मळून गालात धरली जाते, मिश्री हिरड्यांना लावली जाते, मावा आणि गुटखा तासन् तास तोंडात राहतो. त्यामुळे रोग गाल आणि हिरडी यांच्यामधल्या खोबणीत सुरू होतो आणि तिथून हाड हाकेच्या अंतरावर असते. मुंबईत १९४१ पासून चालणाऱ्या टाटा स्मारक रुग्णालयात जबडा काढावा लागणारे रुग्ण रोजचे आहेत, आणि त्यांतले बरेच कमावत्या वयाचे. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली तरी तो पानटपरीवरून हटलेला नाही. या रुग्णांपैकी अनेकांना परदेशी कंपनीकडून आखून, छापून येणारे साचे परवडत नाहीत आणि त्यांच्यासाठी आठवडे थांबणेही परवडत नाही. म्हणून भारतातल्या काही रुग्णालयांनी मोफत मिळणाऱ्या संगणक प्रणाली आणि स्वस्त त्रिमितीय छपाईयंत्रे वापरून हे काम आपल्याच इमारतीत सुरू केले आहे. सर्जन स्वतः पडद्यावर हाड कापतो, साचा तिथेच छापला जातो आणि निर्जंतुक होऊन शस्त्रक्रियागृहात जातो. प्लेट मात्र बाजारातली साधीच असते. छापलेल्या प्रतिकृतीवर ती आदल्या दिवशी हाताने वाकवून ठेवतात.